जड अंतःकरणाने विकणे आहे

दादांची प्रत्येक जाहिरात ‘जड अंतःकरणाने’ या शब्दांनी सुरू होते. वाचणाऱ्याला वाटतं, घरात कोणी गेलं. जायचा असतो तो १९७८ च्या घडणीचा कॉर्ग एमएस-२० सिंथेसायझर, आणि तोही जात नाही.

जुने ॲनालॉग सिंथ विकायला काढणारी ही जमात संख्येने लहान, पण चिवट. आमचे दादा डोंबिवलीचे. दोन खोल्यांपैकी दीड खोली वाद्यांची; उरलेल्या अर्ध्या खोलीत वहिनी आणि संसार.

गिऱ्हाईक आलं की चहाच्या आधी ट्रान्सफॉर्मर दाखवला जातो. यंत्र जपानच्या बाजारासाठी बनलेलं, १०० व्होल्टचं. आपल्या भिंतीत २३०. ‘थेट लावलंत की संपलं,’ असं दादा अशा समाधानाने सांगतात, जणू गिऱ्हाइकाने ते आत्ताच करून दाखवलं. मग मशीन सुरू करून सगळ्यांनी गप्प बसायचं. ऑसिलेटर तापेपर्यंत सूर सरकत राहतो. तेवढ्यात चहा होतो, पोहे होतात. बटण फिरवल्यावर पॉट खरखरला, तर ते कॅरेक्टर. नाही खरखरला, तर ते ओरिजिनल.

‘कॉर्ड वाजत नाही का यावर?’ कोणीतरी विचारतंच.

‘गवयाच्या गळ्यातून एका वेळी किती सूर निघतात?’ दादा तिथेच त्याला नापास करतात.

एकाने मात्र हद्द केली. म्हणाला, कंपनीने २०१३ मध्ये हाच पुन्हा काढलाय की, मिनी. दादांनी पोह्यांची बशी मागे घेतली. ‘तो ८६ टक्के आकाराचा आहे. उरलेले १४ टक्के तुम्ही आणणार का?’

किमतीचा विषय निघाला की दादा चरणजित सिंग यांना मध्ये आणतात. १९८२ साली या माणसाने मुंबईत रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ वर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले, शिकागोची ॲसिड हाऊस रेकॉर्ड येण्याच्या पाच वर्षं आधी! गोष्ट खरी आहे. पण त्या तिन्हीतलं एकही यंत्र दादांकडे नाही. सिंग यांच्या रेकॉर्डचा भाव त्यांनी कॉर्गला लावलाय, एवढंच.

मॉड्यूलरचं, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या सिंथचं, दुखणं निराळं. युरोरॅकच्या पेटीतून एक मॉड्यूल विकलं की बोटभर फट उरते. ती दादांना बघवत नाही, म्हणून दुसरं येतं. ते फटीपेक्षा रुंद निघतं, म्हणून शेजारचं विकायला निघतं. माझ्या मते सेकंडहँडचा निम्मा बाजार या फटीवर चाललाय.

आणि एकदा खरंच घात झाला. एका मुलाने घासाघीस न करता पूर्ण पैसे काढले. दादांचा चेहरा पडला. ‘पावसात नेऊ नका, दमट हवा,’ म्हणाले. बाहेर कडक ऊन होतं. ‘मीच आणून देतो,’ म्हणत त्यांनी आठवडा काढला. शेवटी वहिनींनीच रिक्षा बोलावली, कॉर्ग चादरीत गुंडाळला आणि दादांना शेजारी बसवून दिलं.

संध्याकाळी दादा परतले ते हात भरलेलेच. त्या मुलाकडे रोलँडचा जुना टेपवाला स्पेस एको होता. टेप अडकते, मोटर कुरकुरते. कॉर्गचे सगळे पैसे त्यात गेले. वर थोडे द्यायचे राहिलेत, ते वहिनींकडे मागायचे होते.