भगरीवरील बुरशीस खुले पत्र

प्रति,
अ‍ॅस्परजिलस बुरशी,
मुक्काम: सुट्या भगरीचे पोते, जिल्हा बीड

विषय: उपवासकाळातील कामगिरीबद्दल अभिनंदन

भगर उपवासाला चालते. तिच्यावर वाढलेली बुरशी चालते की नाही, याबाबत शास्त्र मौन आहे आणि सदर बुरशी या मौनाचा पुरेपूर लाभ घेते. दमट हवेत भगरीचा बारीक दाणा ओल धरतो. मग अ‍ॅस्परजिलसच्या काही जाती त्यावर वाढून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार करतात. पीठ दाण्यापेक्षा लवकर ओल शोषते, म्हणून दळून ठेवलेली भगर बुरशीस विशेष प्रिय. शिजवल्यावर बुरशी मरते, विष मात्र जाईलच असे नाही. मेल्यावरही कामावर हजर राहण्याची अशी निष्ठा अन्य कोणत्याही खात्यात आढळत नाही.

वेळापत्रकही चोख आहे. आषाढी एकादशी भर पावसात येते, नवरात्र पाऊस सरता सरता. घरोघर घट बसतात, दुकानात जुन्या मालाचे पोते सुटते आणि मळमळ, उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणे अशी लक्षणे घेऊन माणसे दवाखाना गाठतात.

20 फेब्रुवारी 2024 रोजी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, सोमठाण्याच्या हरिनाम सप्ताहात, एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यावर शेकडो भाविक आजारी पडले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. अर्थात अशा पंगतींचे सगळे श्रेय बुरशीने एकटीने लाटू नये. मोठ्या पातेल्यात तासन्‌तास कोमट राहिलेल्या अन्नात जिवाणूही तेवढेच कष्ट घेतात.

कायद्याचीही फारशी धास्ती नको. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार नमुन्याचा अहवाल देण्यास विश्लेषकाला 14 दिवस मिळतात. नवरात्र 9 दिवसांत उठते. असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवल्यास किमान 7 वर्षे कैद आहे, पण ती माणसाला.

उपद्रव आहे तो अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनांचा: सुटी भगर घेऊ नये, पाकिटावरील परवाना क्रमांक व तारीख पाहावी, भगर निवडून स्वच्छ धुवावी, कोरड्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, पीठ लागेल तेवढेच दळावे. यातील घट्ट झाकणाबद्दल सदर बुरशीची तीव्र हरकत असल्याचे समजते.

कळावे.