वाचनस्तर कसा ठरवावा? नवशिक्या गुरुजी-बाईंसाठी सोपी मार्गदर्शिका

जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली, पहिली ते तिसरी एकाच खोलीत पदरात पडली, आणि केंद्रप्रमुखांचा निरोप आला: 'सर्व मुलांचे वाचनस्तर आज पाचपर्यंत लिंकवर भरा.' घाबरू नका. पुढील पायऱ्या पाळा.

साहित्य: एक मूल, एक छापील कागद आणि भरपूर धीर. पैकी धीर साठा नोंदवहीत सापडणार नाही. तो घरून आणावा.

पायरी १. पाठ्यपुस्तकातला पहिलाच धडा द्या. तो मुलांना तोंडपाठ असतो. वाऱ्याने पान उलटले तरी वाचन थांबत नाही आणि निकाल शंभर टक्के लागतो. खरोखर काही जाणून घ्यायची खोड असेल, तर मात्र कधी न पाहिलेला मजकूर लागेल. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून तोच देतात: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदाने. तो जमला तर गोष्ट, अडला तर शब्द. पाचांतले चार शब्दही आले नाहीत तर अक्षरे. यात कोणी नापास होत नाही. पालकसभेत सांगायला हे फारच गैरसोयीचे.

पायरी २. मुलाला सगळ्या वर्गासमोर उभे करून विचारा, 'एवढं सोपं येत नाही?' ते गप्प झाले की 'प्रारंभिक' लिहून मोकळे व्हा. सतरंजीवर त्याच्या शेजारी मांडी घालून बसलात, आधी नाव-गाव विचारलेत, तर तेच मूल शब्द वाचून दाखवेल आणि खाडाखोड करावी लागेल.

पायरी ३. मदत करा. मूल 'पा...' म्हणाले की आपण लगेच 'ऊस' म्हणावे. दोघांनी मिळून परिच्छेद पुरा केला की स्तर एकट्या मुलाच्या नावावर चढवावा. गप्प राहून पाच सेकंद थांबणे हा दुसरा उपाय आहे, पण मास्तरकी करणाऱ्याला तो क्वचितच झेपतो.

पायरी ४. घड्याळ लावा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'ने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचे लक्ष्य ठेवले आहे, तेही अर्थ समजून. शब्द मोजता येतात; अर्थ मोजायच्या फंदात पडू नका. शेळी हरवल्याची गोष्ट एका दमात वाचणाऱ्या मुलीला 'शेळी कुठं सापडली?' असे विचाराल, तर ती म्हणेल, 'कोणती शेळी?'

पायरी ५. उच्चारांवर लाल पेन चालवा. वऱ्हाडातला मुलगा 'केळी' पाहून 'केयी' म्हणतो: चूक. दुसरा 'क ला मात्रा के, ळ ला दुसरी वेलांटी ळी' असे बिनचूक फोडतो आणि शेवटी 'केस' म्हणतो: हीही चूक. पहिल्याने शब्द वाचला, फक्त घरच्या बोलीत म्हटला. दुसऱ्याला अक्षरे येतात, पण ती जोडून शब्द होत नाही. एकाला गोष्ट द्यायला हवी, दुसऱ्याला शब्दचिठ्ठ्या. पण लाल रेघ दोघांना सारखीच शोभते.

पायरी ६. माहिती भरा. सर्व्हर रात्री अकरानंतर जरा बरा चालतो. आकडे मागच्या वेळेपेक्षा थोडे चढते ठेवा. एकदम फार चढवलेत तर भेट द्यायला साहेब येतील.

एक काम मात्र सूचनापत्रात राहून गेले आहे. स्तर कळले की इयत्ता बाजूला ठेवून सारख्या स्तराच्या मुलांचे गट पाडायचे आणि रोज तासभर त्यांच्यात बसायचे, यासाठीच तर ही सगळी मोजणी. लिंकवर त्याचा रकाना नाही. त्यामुळे तुम्ही ते केलेत की नाही, हे कोणी विचारणार नाही. आणि केलेत तर कोणी अडवणारही नाही.