ब्रेकचे अव्वल कारकून

ज्याची नोंद परिवहन खात्याच्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, ज्याला कोणी कवडीचे वेतन देत नाही, आणि तरीही ज्याच्या संमतीवाचून पुण्यातल्या जुन्या सोसायटीतली एकही गाडी दुरुस्तीला जाऊ शकत नाही, असा एक वर्ग मोटारीचा धनी आणि मोटारीचा मिस्त्री यांच्या दरम्यान सुखाने नांदत असतो. या वर्गातल्या माणसाला निदान करायचे असते. दुरुस्ती ही त्याच्या लेखी निदानानंतर नाइलाजाने उरकायची एक कनिष्ठ बाब. त्याला कोठे काका म्हणतात, कोठे तात्या. आमच्याकडे अप्पा म्हणतात. महसूल खात्यात उभी हयात घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी वतनांच्या आणि बांधांच्या भानगडी ज्या नेटाने निकालात काढल्या (त्यांचे विरोधक ‘तहकूब ठेवल्या’ म्हणतात), तोच नेट त्यांनी आता ब्रेकच्या सेवेस वाहिला आहे. इंजिनात त्यांना रस नाही. इंजिन खोकते, धूर सोडते, भर चौकात बंद पडते; जो स्वतःच कबुलीजबाब देतो त्याचा तपास काय करायचा? ब्रेक मात्र सोडायचे तेव्हा सोडत नाही, आणि हे कृत्य तो बिडाच्या ड्रमच्या आड, एकही साक्षीदार नसताना करतो. म्हणून तो अप्पांच्या खास मर्जीतला आरोपी.

आमच्या शेजाऱ्यांकडे एक पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने ज्या फियाटला 1974 साली हे राजस नाव दिले, त्या घराण्यातली ही, चारही चाकांना ड्रमब्रेक बाळगणारी, प्रौढ गाडी एका रविवारी सहकुटुंब जेजुरीला जाऊन दिवे घाट उतरून परत आली. आधी लायनर करपल्याचा उग्र, घशाला खवखवणारा वास फाटकातून आत आला, मागून गाडी आली, आणि इंजिन बंद होण्यापूर्वी अप्पा जिना उतरून हजर झाले. धन्याने तेवढ्यात पाण्याची बादली उचललीच होती.

“हां हां, थांबा! तापलेल्या बिडावर गार पाणी? तडा जाईल ड्रमला. आणि पुरावा नष्ट होईल तो वेगळाच!”

मग पंचनामा सुरू झाला. अप्पा चाकाला तळवा कधी लावीत नाहीत. हाताची पालथी बाजू जवळ नेतात, कारण तळवा भाजला तर पेन्शनच्या कागदांवर सही कोणी करायची, हा त्यांचा रास्त प्रश्न आहे. तीन चाके कोमट निघाली. पुढच्या उजव्या चाकाजवळ हात धरवेना. उपस्थितांकडे वळून त्यांनी तपासाचे पहिले सूत्र सांगितले. एकच चाक तापले तर गुन्हा स्थानिक. चारही चाके तापली तर वरिष्ठांचा हात असला पाहिजे. येथे वरिष्ठ म्हणजे मास्टर सिलिंडर. त्याच्या पोटात तेल टाकीत परत जाण्यासाठी सुईच्या अग्राएवढे एक छिद्र असते. पेडलला जराही मोकळी चाल ठेवलेली नसली, किंवा कोणा महाभागाने टाकीत भलतेच तेल ओतल्यामुळे आतले रबर फुगले, तर ते छिद्र झाकले जाते, तापून पसरणाऱ्या तेलाला वाट उरत नाही, आणि पायाने हुकूम न देताच चारही ब्रेक हळूहळू आवळत जातात. अप्पांनी पेडल बोटाने दाबून पाहिले. चाल होती. वरिष्ठ, निदान तूर्त, निर्दोष ठरले.

त्यानंतर जबानी. “घाट उतरताना गिअर कोणता होता?”

“टॉप.”

“आणि पाय?”

धनी गप्प राहिले. त्यांच्या पत्नीने डब्यांची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “अप्पा, ह्यांचा पाय ब्रेकवरच असतो. आज जेजुरीपासून होता.”

दुसरा कोणी असता तर त्याने येथेच निकाल देऊन टाकला असता. अप्पांची थोरवी अशी, की धन्याचा गुन्हा शाबीत होऊनही त्यांनी ब्रेकला सोडले नाही. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला म्हणून चारही चाके तापावीत. एकटे उजवेच का? सबब पायाचा अपराध वेगळ्या कलमाखाली नोंदवून मूळ प्रकरण पुढे चालू ठेवण्यात आले. धन्याच्या मुद्रेवरून त्यांना हा न्याय फारसा रुचलेला दिसला नाही.

एवढ्यात नाना पेठेकडचा मिस्त्री आला. अप्पा आणि मिस्त्री हे दोन भिन्न दर्शनांचे आचार्य होत. “साहेब, खोलल्याशिवाय काय कळणार नाय,” हे मिस्त्रीचे आद्यवचन. “कळल्याशिवाय खोलायचं नाही,” हे अप्पांचे. मिस्त्रीच्या पंथात चाक काढल्याबरोबर व्हील सिलिंडरचे किट, मास्टरचे किट, नवे लायनर आणि ड्रमला लेथवर एक हात अशी सर्वंकष शांत करतात. तीत खरा दोषी सापडतोही, परंतु त्याच्याबरोबर पुष्कळ निरपराध फासावर जातात आणि सर्वांचा खर्च धन्याच्या माथी बसतो. अप्पांच्या पंथात खर्च फार थोडा. वेळ मात्र इतका जातो, की घरात जेवणाची पाने वाढून थंड होतात. माझे स्वतःचे मत मिस्त्रीविरुद्ध आणि अप्पांच्या बाजूने आहे, पण ते भरल्या पोटी बनलेले आहे हे नमूद केले पाहिजे.

मागच्या चाकांना विटा लावून पुढचे उजवे चाक जॅकवर उचलण्यात आले. हाताने फिरवले तर ते कण्हत अर्धाच फेरा घेई. बेअरिंग अति आवळले असले तरी चाक असेच तापते, म्हणून अप्पांनी ते वरखाली हलवून तेवढी शंका फेडून घेतली. मग त्यांनी खाली जुने वर्तमानपत्र पसरायला लावले, कारण ब्रेकचे तेल रंग खाते, आणि मिस्त्रीला ब्रेकचा निपल अर्धा आटा सैल करण्याचा हुकूम केला. तेलाची चिळकांडी उडाली, आणि जे चाक दोघांना दाद देत नव्हते ते एका बोटाने गरगर फिरू लागले. हा क्षण पाहण्यासाठी वरच्या मजल्यावरची मंडळी कठड्याशी आली होती.

“म्हणजे काय सिद्ध झालं?” अप्पांनी विचारले. उत्तर देण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. “तेलाचा दाब आत कोंडला होता. निपल सोडूनही चाक सुटलं नसतं, तर सिलिंडरमधला गंजलेला पिस्टन, मेलेल्या स्प्रिंगा, नाहीतर, मागचं चाक असतं तर, त्या अँबॅसिडरवाल्यांच्या गाडीसारखी गंजून बसलेली हँडब्रेकची केबल, यांना पकडायचं होतं. आता ती सगळी मंडळी सुटली.”

उरले दोन संशयित: चाकाला तेल पुरवणारा रबरी होज आणि होजच्या अलीकडची मंडळी. निपल बंद करून ब्रेक दाबला. चाक पुन्हा जाम. आता रबरी होजचा वरचा, चेसिसकडचा सांधा सैल केला. चाक तरीही जाम. दाब होजच्या अलीकडे नव्हताच, पलीकडे अडकला होता. म्हणजे अडथळा खुद्द होजमध्ये. बाहेरून हा इसम अगदी धडधाकट दिसत होता. परंतु वयपरत्वे अशा नळीचा आतला थर फुगतो, सुटतो, आणि त्याचा पडदा होऊन बसतो. पायाचा जोर मोठा, म्हणून तेल आत रेटले जाते; शूच्या स्प्रिंगांचा जोर बेताचा, म्हणून ते परत येत नाही. अप्पांनी ही गोष्ट आपल्या खात्याच्या भाषेत सांगितली: “जप्तीचा हुकूम ताबडतोब पोहोचतो, जप्ती उठवल्याचा मात्र वाटेत कुठंतरी पडून राहतो.”

नवा होज आला, हवा काढली, आणि त्या निमित्ताने अप्पांनी तेलाविषयी चार शब्द सांगितले. हे तेल हवेतला ओलावा पिते. डॉट 3 जातीचे कोरे तेल 205 अंशांपर्यंत तरी उकळता कामा नये असा दंडक आहे, तर ओलावा मुरलेल्यासाठी तोच दंडक 140 वर येतो. तापलेल्या ड्रमशेजारी ते उकळले की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल फळीला जाऊन टेकते. “तेल शेवटचं कधी बदललं?” या प्रश्नावर धन्यांनी पत्नीकडे पाहिले. त्यांनी या खेपेस जबानी देण्याचे टाळले. मिस्त्रीने जाताना व्हील सिलिंडरचे किटही बदलले आणि त्याचे पैसे घेतले. अप्पांनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले, कारण निदान त्यांच्या नावे जमा झाले होते.

अप्पांची स्वतःचीही एक पद्मिनी आहे, आणि हे त्यांच्या जीवनातले खरे शल्य आहे. तिचे तेल नेमाने बदलले जाते, होज फुगण्यापूर्वीच सेवानिवृत्त होतात, लायनरची धूळ वेळच्या वेळी साफ होते. परिणामी ती कधी आजारी पडत नाही, आणि तिच्या धन्याला निदानाची भूक भागवायला दुसऱ्यांच्या दारी हिंडावे लागते.

हल्ली तळमजल्यावरच्या एका इंजिनिअर मुलाने लांबूनच उष्णता मोजणारे पिस्तुलासारखे एक यंत्र आणले आहे. चाकावर लाल ठिपका पाडला की पडद्यावर अंश उमटतात. अप्पांनी पहिल्या भेटीतच त्याला हटकले, की चकचकीत वाटीवर नेम धरलास तर खोटी जबानी मिळेल, फटीतून ड्रमवर धर. आणि मुलाने धरून पाहिल्यावर आकडा खरोखरच भराभर चढला. यंत्राने कोणते चाक तापले ते सांगितले. का तापले हे ते सांगत नाही, एवढ्या एका मुद्द्यावर अप्पांनी त्याला कनिष्ठ पदावर रुजू करून घेतले. मग एका सकाळी, इतरांच्या नजरा चुकवून, ते आपली गाडी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत फिरवून घेऊन आले आणि मुलाला म्हणाले, “बघ रे जरा. पुढचं डावं मला आज थोडं संशयास्पद वाटतंय.”

मुलाने चारही ड्रम मोजले. आकड्यांत दोन-तीन अंशांचाही फरक नव्हता. अप्पांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले, डाव्या चाकाजवळ पालथा हात धरून पाहिला, मग उजव्याजवळ, आणि म्हणाले, “हे यंत्र एकदा तपासून घे. दाखला आहे का त्याचा?”