उतरवलंच आहे तर

आमच्या आत्यानं जन्मात एकही प्रवास एका गावापुरता केला नाही. सोलापूरला भाचीच्या मुलाचं बारसं होतं. जाऊन, जेवून, रात्री परत यायचं ठरलेलं. पण पाळण्याची दोरी हातातून सुटते न सुटते तोच आत्या म्हणाली, "एवढं सोलापूरपर्यंत आलोच आहोत, तर अक्कलकोट काय, हे इथं." अक्कलकोटला गेल्यावर गाणगापूर "हे इथं" झालं. परतताना तुळजापूर आलं आणि तुळजापूरहून पुण्याला येताना पंढरपूर तिच्या मते वाटेवरच होतं. पाचव्या दिवशी घरी पोचलो तेव्हा बाळाचं नाव काय ठेवलं ते गाडीतल्या एकालाही आठवेना.

ही सगळी यात्रा जिनं केली, त्या मारुती 800च्या पोटातून इंजिन बाहेर आलं तेव्हा मला आत्याची फार आठवण झाली.

गाडी 1997ची. 2012मध्ये तिला पंधरा वर्षं भरली आणि आरटीओत नव्यानं नोंदणी करायची वेळ आली. गाडी तर निळा धूर सोडत होती. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा सतत येत असेल तर पाणी आत शिरतंय आणि निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय, एवढं ज्ञान मला तोवर झालं होतं. त्यात क्लच घसरू लागलेला. खंबाटकीच्या चढावर इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अशीच चालते.

"साहेब, इंजिन उतरवावं लागेल," मिस्त्री म्हणाले. "रिंगा, व्हॉल्व्ह सील, क्लच प्लेट. तेरा हजार धरून चाला."

मी तेरा धरून चाललो.

तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं ते इंजिन. (नावात 800 आहेत. उरलेले चार कंपनीनं कुठं ठेवले हे विचारायचं राहूनच गेलं.) दोन पोरांनी दोर बांधला, बांबू घातला आणि विहिरीतून मोटर काढावी तसं ते वर काढलं. खाली जो रिकामा खड्डा राहिला, त्यात उंदराचं घरटं निघालं. वाहनपूजेच्या नारळांच्या शेंड्या, दसऱ्याच्या वाळक्या झेंडूच्या पाकळ्या, असं सगळं धार्मिक साहित्य वापरून बांधलेलं. शेजारी दहा-अकराचा एक पाना पडला होता. तो कोणत्या मिस्त्रींचा, या विषयावर आमच्या मिस्त्रींनी मौन पाळलं.

मग ते खड्ड्यात वाकले आणि हुबेहूब आत्याच्या आवाजात म्हणाले, "उतरवलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील टाकून घेऊ."

हे सील मिसळीच्या दोन प्लेटच्या किमतीत येतं. पण बसतं कुठं, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध. तिथं हात पोचवायचा तर दोघांची फारकत करावी लागते. आमचं सील गळत होतं, ते ऑइल क्लच प्लेटवर जात होतं, म्हणून क्लच घसरत होता. जुन्या सीलवर नवी प्लेट बसवणं म्हणजे गळक्या कौलाखाली नवी गादी अंथरणं. मी हो म्हणालो.

मग फाउंडेशन. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती बसली होती, म्हणून सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगसकट माझा चष्माही थरथरायचा. मग फ्लायव्हील लेथवर पाठवलं. मग ब्लॉकच्या अंगातल्या रुपयाएवढ्या पत्र्याच्या चकत्या. आम्ही पंधरा वर्षं कूलंटच्या जागी बोअरचं पाणी घातलेलं, त्यामुळे त्यांना गंज चढलेला. गिअरबॉक्सकडच्या बाजूची चकती पुढंमागं फुटली असती, तर पुन्हा हाच बांबू आणि हीच पोरं. मग पाण्याचे होज, टायमिंग बेल्ट, अ‍ॅक्सलची फाटकी रबरं. मी रोज नाना पेठेत जाऊन पार्ट आणत होतो. एका दुकानदारानं तर मला होलसेलचा भाव देऊ केला.

मिस्त्रींचा हिशेब तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उतरला आणि तो बिनतोड आहे. पार्टाची किंमत बघायचीच नाही. तिथं हात पोचवायला मजुरी किती पडते ते बघायचं. जे बॉनेट उघडून उभ्या उभ्या बदलता येतं, त्याला इंजिन उतरण्याशी देणंघेणं नाही. बॅटरी, हॉर्न, हेडलाइट कधीही होतात. जे दोन धुडांच्या मध्ये दडलंय, ते आत्ताच.

हिशेब कळला आणि मी नेमका त्याच्या उलट वागलो. हॉर्न नवा घेतला, कारण जुन्याचा आवाज मला आवडत नव्हता. रिकाम्या खड्ड्याला आतून रंग दिला, जो उंदराखेरीज कुणालाही दिसणार नव्हता. आकडा बावीस हजारांवर गेला. त्याच दुपारी बायकोचा फोन आला, "अहो, एवढ्यात आपण नवीनचं डाउन पेमेंट नसतं का केलं?" आता कुठंतरी बाणेदारपणा दाखवणं भाग होतं. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "क्लचचं रिलीज बेअरिंगही टाकू."

मी ते बोटावर फिरवून पाहिलं. "फिरतंय की चांगलं!"

"तुमची मर्जी, साहेब."

मराठीत "तुमची मर्जी" हे वाक्य ज्यानं ऐकलंय, त्याला पुढचं सांगायला नको. गाडी पास झाली, पाच वर्षांची मुदत मिळाली. हॉर्न कुणी वाजवूनही पाहिला नाही. तीन महिन्यांनी क्लच दाबला की गाडीखालून कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज येऊ लागला. रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सच्या तोंडाशी, आतल्या बाजूला बसतं. म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा खाली. बेअरिंग 280 रुपयांचं, मजुरी 2200.

मिस्त्री "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. पुण्यात राहून हा संयम! ते फक्त गाडीखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "साहेब, गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर..."

"टाका," मी म्हणालो. काय, ते विचारलंसुद्धा नाही.

वाचकांपैकी कुणाची गाडी या घडीला इंजिन काढून गॅरेजात उभी असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी मिस्त्रींना फोन लावा आणि रिलीज बेअरिंगचं विचारा. हॉर्नचं विचारू नका.