दहा अँपिअरचा संसार

कारवाँ साइटवर माणसाची पत अँपिअरमध्ये मोजतात. १६ अँपिअरची जागा मिळाली तर आपण बरे लोक, १० ची मिळाली तर मध्यमवर्ग. इंग्लंडात काही जुन्या साइटींवर अजून ६ अँपिअरचे खांब आहेत. तिथे उतरणाऱ्यांची विचारपूस लोक आवाज खाली आणून करतात. मी १० वाला. पण दारात इलेक्ट्रिक गाडी उभी असल्यामुळे स्वतःला ३२ वाला समजणारा.

२३० व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट. इंग्लंडातली घरगुती किटली एकटी ३ किलोवॅट ओढते. म्हणजे ज्या खांबावर धड चहाचं आधण येत नाही, त्या खांबाला मी मोटार बांधतो. ६० युनिटांची बॅटरी रिकामी असेल तर ती भरायला २६ तास, आणि तेही कारवाँमधला फ्रिज, दिवे आणि हीटर यांनी संन्यास घेतला तर. यावर तोडगा असतो. गाडीच्या पडद्यावर जाऊन तिचं खाणं ६ अँपिअरवर आणायचं. उरलेल्या ४ मध्ये कॅम्पिंगची छोटी किटली बसते. त्यामुळे सुटीवर आल्यापासून आमच्या घरात एक नवाच संवाद सुरू होतो.

“मी चहा ठेवू का?”

“थांब, गाडी जेवतेय.”

“मग मी काय करू?”

“गार दूध पी.”

लग्नाच्या वेळी मी काय काय कबूल केलं होतं ते बायकोच्या लक्षात आहे. त्यात मोटारीच्या परवानगीने चहा पिण्याचं कलम नव्हतं.

ही गाडी मी पृथ्वीसाठी घेतली असं सांगत असतो. पृथ्वीने कधी विचारलं नव्हतं. शेजाऱ्यांनी विचारलं होतं. साइटवर तर विचारणाऱ्यांची चंगळ. डिझेलवर तीस वर्षं कारवाँ ओढलेले निवृत्त गोरे गृहस्थ कुत्र्याला फिरवत येतात, केबलकडे बघतात आणि “किती मैल जाते हो?” असं विचारतात. मी कंपनीचा आकडा सांगतो. तो उन्हाळ्यातला, सपाट रस्त्यावरचा आणि मागे काही न जोडलेल्या गाडीचा असतो. मागे कारवाँ जोडली की तो साधारण निम्म्यावर येतो. गृहस्थांना हे माहीत असतं. त्यांना माहीत आहे हे मला माहीत असतं. तरी आम्ही दोघं मान डोलावतो, कारण मी आकडा सांगताना किती ताठ उभा राहतो, हेच त्यांना बघायचं असतं.

त्यातून वाटेतले चार्जर. ते बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेपूट असलेली गाडी कधी आलेलीच नाही. नाक आत घालून उभं राहायचं, शेपूट रस्त्यात. म्हणून आधी कारवाँ सोडायची, ती कुठल्यातरी कोपऱ्यात लावायची, गाडी चार्ज करायची, परत जोडायची. आणि हे सगळं पावसात, कारण हा यॉर्कशायर आहे.

माझ्या आधी या यातनांतून गेलेला मोठा माणूस म्हणजे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. आरमारातून निवृत्त झालेला स्कॉटिश सर्जन, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा. जिप्सी लोक पोटासाठी चाकांवर राहत. स्टेबल्सने हौसेसाठी तसं राहायचं ठरवलं. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टल वॅगन अँड कॅरेज वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची कारवाँ बांधून घेतली. वजन सुमारे २ टन, आत पुस्तकांचं कपाट, पुढे दोन घोडे. बरोबर गाडीवान, नोकर, एक भलं मोठं न्यूफाउंडलंड कुत्रं आणि पोपटाच्या जातीचा एक पक्षी. एवढा लवाजमा घेऊन हा गृहस्थ बर्कशायरमधल्या ट्वायफर्डहून थेट इनव्हर्नेसला गेला. सगळी मिळून सुमारे १३०० मैल मजल, आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक. विषयांतर होतंय हे मला कळतंय, पण हा माणूस मला सोडवत नाही.

कारण बघा, त्याचं सगळं दुःख माझंच आहे. रोज संध्याकाळी त्याला एकच चिंता: उतरायला जागा कुठे, आणि घोड्यांना तबेला व ओट्स कुठे? कारवाँ कुठल्याही कुरणात राहील हो, पण घोडे रात्रभर भरले नाहीत तर सकाळी गाडी जागची हलत नाही. चढ लागला की पल्ला घटतो, पाऊस लागला की घटतो. खानावळवाल्याने नाही म्हटलं की पुढचं गाव गाठायचं. रस्ता मोकळा आहे का हे बघायला तो आपल्या नोकराला तीनचाकी सायकलवर पुढे पाठवायचा. माझ्याकडे त्या कामाला फोनवर ॲप आहे. फरक इतकाच, की नोकराने पुढे रस्ता मोकळा आहे असं सांगितलं तर तो बहुधा मोकळा असायचा. माझं ॲप ‘चार्जर रिकामा’ म्हणतं तेव्हा तिथे पाट्या आणि दोऱ्या बांधलेल्या असतात. १९०७ मध्ये कारवाँ क्लब निघाला तेव्हा स्टेबल्सला उपाध्यक्ष केलं. मला अजून कोणी विचारलेलं नाही. मी नाही म्हणणार नाही.

आता साइटवाल्यांची बाजू. त्यांनी एका रात्रीचं भाडं वीज धरून ठरवलेलं असतं, तेही दिवे, फ्रिज आणि टीव्ही एवढ्याच हिशेबाने. गाडी रात्रीच्या दहा तासांत २३ युनिटं सहज ढोसते. २५ पेन्सच्या दराने पावणेसहा पौंड. शिवाय साइटची वायर सगळे एकदम पुरता भार ओढणार नाहीत या विश्वासावर टाकलेली असते. म्हणून कित्येक ठिकाणी खांबावरून गाडी चार्ज करायला सरळ मनाई, कुठे मीटर, कुठे जादा पैसे. आमच्या साइटवर जादा पैसे होते. ते भरताना मी अशा चेहऱ्याने भरले की जणू हिमनद्यांच्या वतीने देणगीच देतो आहे.

या वेळी बरोबर माझे वडील, आप्पा होते. आप्पांनी सगळी नोकरी वीज बोर्डात वायरमन म्हणून काढली, सांगलीकडच्या खेड्यांत. चोरून वीज घ्यायला तारांवर टाकलेले उरसाचे, गणपतीचे, लग्नाचे आणि निव्वळ सवयीचे आकडे काठीने काढून काढून त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली आलेला. इंग्लंडला येतानाही बॅगेत टेस्टर. डोंगर, तळी, मेंढ्या यांच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. उतरल्या उतरल्या खांबापाशी उकिडवे बसले.

“अर्थिंग कुठाय रं?”

मला ठाऊक नव्हतं. वॉर्डन आला. आप्पांना इंग्रजी येत नाही आणि वॉर्डनला मराठी. पण दोघं अर्धा तास खांबाभोवती फिरले आणि त्यांचं एकमेकांना सगळं कळलं. इंग्लंडात बऱ्याच घरांना न्यूट्रलमधूनच अर्थिंग मिळतं. कारवाँला मात्र २००२ च्या नियमांप्रमाणे ते चालत नाही. न्यूट्रल तुटला तर कारवाँच्या सगळ्या पत्र्यात करंट येईल, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून कोणीतरी दाराला हात लावेल. म्हणून साइटची अर्थिंगची सळई वेगळी, जमिनीत ठोकलेली. आप्पांनी सळईभोवती मीठ-कोळसा घातला का ते खुणेने विचारलं. वॉर्डनला ते मात्र कळलं नाही. त्याने चहा आणून दिला.

रात्री दोनच्या सुमाराला आप्पा उठून बाहेर उभे. गाडीवरचा हिरवा दिवा उघडझाप करत होता.

“किती वाजता जाते लाईट?”

“जात नाही, आप्पा.”

“तुझ्या काकाची ह्या आठवड्यात रात्रीचीय.”

मला पुढचं माहीत होतं. शेतीच्या पंपाला लागणारी थ्री फेज वीज त्या पाळीत रात्री येते, म्हणून काका बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारं धरायला जातो. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. अलीकडे बिबट्याचीही धास्ती. वय पासष्टच्या पुढे. रात्री मागणी कमी असते, तिथेही आणि इथेही. फक्त इथे त्या वेळची वीज मला घरी स्वस्तात देतात आणि मी झोपलो तरी गाडी ती पिऊन घेते. तिथे तीच वेळ शेतकऱ्याच्या वाट्याला येते आणि त्याला जागावं लागतं. टिकाऊ जीवनशैलीवर मी बरीच भाषणं दिली आहेत. पासष्टीतल्या माणसाची झोप कोणत्या खात्यात मांडायची हे त्यात कुठे आलं नव्हतं. राग कोणावर काढावा हेही कळेना, म्हणून मी आप्पांना स्वेटर आणून दिला.

सकाळी ब्रेकर पडला. आमच्यामुळे नव्हे, पलीकडे कोणीतरी पंख्याचा हीटर आणि हेअर ड्रायर एकदम लावला होता. वॉर्डन वैतागून सांगू लागला, गाड्या वाढतायत, काय करायचं? मी शाश्वत ऊर्जेवर तोंड उघडणार, तोच आप्पांनी माझ्याकडून कागद मागितला. टोस्ट बाजूला सारून त्यांनी रेघा मारल्या: सम नंबरच्या कारवाँ सोम, बुध, शुक्र, विषम नंबर मंगळ, गुरू, शनि, गाड्या रात्री अकरानंतर, रविवारी देखभालीसाठी दोन तास सगळं बंद. वॉर्डनने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, हे इतकं साधं आपल्याला कसं सुचलं नाही! भारनियमन असं यॉर्कशायरला फुकट पोचलं. आप्पा परत गेले. मित्रमंडळींत ही हकिगत मी वारंवार सांगतो, आणि अलीकडे सांगताना ते वेळापत्रक मी केलेलं असतं. आप्पांनी फक्त कागद धरलेला असतो.