वाकडा मनोरा, सरळ काकडी

चेस्टरफील्ड हे इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातलं बाजाराचं गाव. तिथल्या माणसाला ‘तुमच्या गावात काय वाकडं आहे’ असं विचारलं, तर तो बाह्या सरसावत नाही, बोट वर करून दाखवतो. वर, सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चच्या माथ्यावर, २२८ फूट उंचीचा मनोरा आहे. तो ४५ अंशांनी पिळलेला आहे, शिवाय टोक सुमारे साडेनऊ फूट बाजूला कललेलं. ओला पंचा पिळून कोपऱ्यात उभा करून ठेवावा, तसं त्याचं एकंदर ध्यान. पिसाचा मनोरा जगभर मिरवतो, पण तो बिचारा नुसताच कललेला. चेस्टरफील्डला दोन्ही दुर्गुण एकाच देही नांदतात.

असलं काही आपल्या गावात निघालं असतं, तर आधी चौकशी समिती बसली असती. चेस्टरफील्डकरांनी मात्र वाकडेपणाचंच भांडवल केलं. त्यांच्या फुटबॉल संघाला लाडानं ‘स्पायराइट्स’ म्हणतात, म्हणजे मनोरेवाले, आणि संघाच्या बिल्ल्यावर मनोरा काढलाय तोही वाकडाच. चित्रात तरी सरळ करून घ्यावा, असं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

जाणकारांनी कारणं शोधली आहेत. मनोरा चौदाव्या शतकातला, सांगाडा ओकच्या ओल्या लाकडाचा. ओलं लाकूड वाळताना आपली मर्जी चालवतं. त्याला धाकात ठेवायला आतून तिरके आधार हवेत, तेच कमी पडले. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये जुने जाणते कारागीर गेले आणि काम शिकाऊ हातांत पडलं, असं सांगतात. त्यात वरून तीस टनांहून अधिक शिशाचे पत्रे. दक्षिणेकडच्या पत्र्यांना ऊन जास्त, म्हणून ते जास्त प्रसरण पावणार. सगळं पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच गावात ते कुणी आवडीनं सांगत नाही.

गावात सांगतात ती सैतानाची गोष्ट. शेजारच्या बोल्सोव्हर गावात एका लोहाराकडे सैतान खुराला नाल ठोकून घ्यायला गेला. लोहाराचा खिळा नेमका मांसात घुसला. सैतान बोंबलत, उड्या मारत निघाला आणि जाता जाता त्यानं मनोऱ्याला लाथ हाणली. दुसऱ्या एका कथेत तो मनोऱ्याला शेपटीचा विळखा घालून बसला होता, खालून धुपाचा धूर नाकात गेला आणि शिंक आली. मला लोहाराची कथा सरस वाटते. आपल्या गावच्या सुतारांचं काम फसलं, तर ते शेजारगावच्या लोहाराच्या माथी मारायचं, ही ग्रामीण मुत्सद्देगिरी कुठल्याही देशात ओळखू येईल.

तिसरी कथा जरा खट्याळ आहे. एकदा या चर्चमध्ये कुमारिका वधू आली. मनोऱ्याला इतकं नवल वाटलं की, तो वळून बघायला लागला. पुन्हा तशी वधू आली की सरळ होईल म्हणे. ही कथा रचणारा पुरुष असणार, हे सांगायला नकोच. वरांविषयी मनोऱ्यानं काही मत दिल्याचं ऐकिवात नाही.

आता खरी गंमत. अशा या गावात शेवटची दहा वर्षं कोण राहायला यावं? जॉर्ज स्टीफन्सन. ज्यानं आयुष्यभर लोखंडाचे दोन रूळ एकमेकांपासून चार फूट साडेआठ इंचांवर राहतील याची काळजी वाहिली, तो माणूस. रेल्वेमार्गाच्या कामानिमित्त तो या भागात आला. जवळच क्ले क्रॉसला बोगदा खणताना दगडी कोळसा लागला, तेव्हा १८३७ मध्ये त्यानं खाणीचा धंदाही काढला आणि १८३८ पासून टॅप्टन टेकडीवरच्या मोठ्या घरात मुक्काम ठोकला. समोर गाव आणि गावाच्या डोक्यावर तो मनोरा.

मनोऱ्याला हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून म्हातारा काकड्यांच्या मागे लागला. त्याच्या बागेतल्या काकड्या वाकड्या वाढत आणि ते त्याला बघवत नसे. नाना उपाय थकल्यावर त्यानं न्यूकॅसलच्या आपल्या कारखान्यातून काचेच्या लांब नळ्या करवून आणल्या आणि वेलीवरच्या कोवळ्या काकड्या त्यांत घातल्या. काकड्यांना वळायला जागाच उरली नाही. निमूट सरळ वाढल्या. पाहुण्यांना तो त्या मोठ्या अभिमानानं दाखवी. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. काकडीच्या बाबतीत मात्र नळीचा गुण येतो, हे रेल्वेच्या जनकानं सिद्ध करून ठेवलं आहे. त्यातली एक नळी चेस्टरफील्डच्या संग्रहालयानं जपली आहे. १२ ऑगस्ट १८४८ रोजी स्टीफन्सन वारला. त्याला गावातल्याच होली ट्रिनिटी चर्चमध्ये पुरलं. त्या चर्चला वाकडा मनोरा नाही, हे योग्यच झालं.

गावचा बाजारही जुना. १२०४ साली जॉन राजानं सनद दिली, आणि अजून दगडी फरसबंदीच्या चौकात पाल ठोकून दुकानं लागतात. मध्यभागी १८५७ ची लाल विटांची मंडई. १९७० च्या दशकात हा चौक पाडून काहीतरी चकचकीत उभारायचा घाट घातला होता. लोकांनी आरडाओरडा करून तो वाचवला. भाजीच्या गाड्यावर काकड्या बघाव्यात: फूटभर लांब, एकसारख्या, प्लास्टिकच्या घट्ट झग्यात. काचेची नळी गेली, शिस्त राहिली. आपल्याकडची गृहिणी काकडी कडू निघू नये म्हणून टोक कापून घासते, फेस काढते. या काकडीला ना कडूपणा, ना फेस. खरं सांगायचं तर चवही बेताचीच.

गावापासून तासाभराच्या आत बघण्यासारखं इतकं आहे की मनोरा नसता तरी चाललं असतं. हार्डविक हॉल हे १५९० च्या दशकातलं घर, ज्यात भिंतीपेक्षा काच जास्त अशी त्याची ख्याती. ते बांधलं बेस ऑफ हार्डविक हिनं. चार नवऱ्यांना पोहोचवून श्रीमंत झालेली ही बाई. घराच्या सहाही बुरुजांच्या माथ्यावर तिनं आपली आद्याक्षरं दगडात कोरून लावली. फलकांची हौस असलेल्या आपल्या नगरसेवकांनी हे घर एकदा पाहून यावंच.

या बेसचा दुसरा नवरा कॅव्हेंडिश. त्यांच्या वंशातल्या डेव्हनशायरच्या अर्लनं १६८८ मध्ये ओल्ड विटिंग्टनच्या एका गवती छपराच्या दारूच्या गुत्त्यात साथीदारांसोबत बसून जेम्स राजाला उलथवण्याची मसलत केली. मंडळी खरं तर माळावर भेटणार होती, पावसानं त्यांना आत पिटाळलं, असं सांगतात. इंग्लंडात क्रांतीलाही छत्री लागते. मसलत फळली, अर्लचा ड्यूक झाला. त्या घराला आज रेव्होल्यूशन हाउस म्हणतात.

आणि या ड्यूकांचा वाडा, चॅट्सवर्थ. तिथे सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानं १८३० च्या सुमारास मॉरिशसच्या वाणाचं केळीचं रोप काचघरात वाढवलं. बागायतीत स्टीफन्सन ज्याच्याशी चुरस करायचा, तो हाच पॅक्स्टन. त्या केळीला मालकाच्या घराण्याचं नाव मिळालं. आज जळगावकडची बसराई म्हणा की ग्रँड नैन, दोन्ही त्याच कॅव्हेंडिश गटातल्या. रावेर-सावद्याची केळी वर्षानुवर्षं ज्या रेल्वेनं उत्तरेत गेली, त्या जीआयपी रेल्वेचा पहिला मुख्य अभियंता जेम्स बर्कली हा जॉर्जच्या मुलाच्या, रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. माळ्याचं केळं इंजिनवाल्याच्या रुळांवरून दिल्लीला पोहोचलं. केळं मात्र कुणीही नळीत घातलं नाही, हे आपलं नशीब.

जायचं असेल तर लंडनच्या सेंट पँक्रसहून शेफील्डची गाडी पकडा. दोनेक तासांत चेस्टरफील्ड येतं. डाव्या हाताची खिडकी धरा, मनोरा त्याच बाजूला दिसतो. फोटो काढताना मोबाइल सरळ धरलात तरी घरचे म्हणणारच, ‘जरा नीट तरी काढायचा.’ वाद घालू नका. शेजारी एखादा विजेचा खांब फोटोत येईल असं बघा, म्हणजे पुरावा राहील.