व्हाइसरॉयसाहेब, महाराजांची पाठ कशी दिसली?

लॉर्ड हार्डिंगसाहेब, माजी व्हाइसरॉय, यांसी
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायन्यातच साष्टांग घातला आहे, याची कृपया नोंद घ्यावी. आपल्या दरबारात उभ्याउभ्या तीनदा वाकलं की भागत असे. मी आठही अंगं जमिनीला टेकवून सुरुवात केली आहे. पुढे मजकुरात कुठे मान ताठ दिसलीच, तर या जमेतून वळती करून घ्यावी.

प्रकरण जुनं आहे. पण ते गाजवलं आपल्याच लोकांनी, म्हणून पत्रही आपल्यालाच. १२ डिसेंबर १९११, दिल्ली. शामियान्यात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी तख्तावर. सुरुवात आपण केलीत: गुडघे टेकून राजाच्या हाताचं चुंबन घेतलंत. मग संस्थानिकांची पाळी. एकेकाने पुढे यायचं, तीनदा वाकायचं आणि राजाला पाठ न दाखवता उलट्या पावली मागे सरकायचं. पहिले हैदराबादचे निजाम. दुसरे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. ते आले, एकदा वाकले, थोडे मागे सरले आणि मग सरळ वळून, हातातली छडी हलवत चालू लागले.

झालं. साम्राज्य हादरलं.

त्या समारंभाची फिल्म काढलेली होती आणि तो तुकडा आजही पाहायला मिळतो. मी तो थांबवून थांबवून पाहिला. पांढऱ्या पोशाखातली एक आकृती पुढे येते, मान लवते, मागे जाते, वळते. ज्याला आधी कुणी काही सांगितलेलं नाही, त्याला यातलं राजद्रोहाचं कलम नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं लागेल. आपल्या लोकांना मात्र ते लगेच दिसलं. पाठ दिसली, छडी दिसली, अंगावर पुरेसं जडजवाहीर नाही हेही दिसलं. बडोद्याच्याच खंडेराव महाराजांनी विकत घेतलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हिरा ज्यांच्या जामदारखान्यात, ते महाराज असे साधे कसे आले? लंडनच्या चित्रगृहात हीच फिल्म लागली तेव्हा प्रेक्षकांनी महाराजांची हुर्यो उडवली म्हणतात. अंधारात बसून पडद्यावरच्या माणसावर ओरडणं आपल्या शिष्टाचाराच्या कोणत्या कलमात बसतं, हे कळवलंत तर उपकार होतील.

दागिन्यांवरून आठवलं. आपल्या राजाचा मुकुट त्या दिवसासाठी मुद्दाम घडवून घेतला होता, कारण लंडनचा खरा मुकुट देशाबाहेर न्यायची सोय नव्हती. साठ हजार पौंड लागले, ते हिंदुस्थानच्या खजिन्यातून गेले. राजेसाहेबांनी तो त्या एका दरबारात घातला, डोकं दुखल्याची तक्रार आपल्या रोजनिशीत लिहिली आणि पुन्हा कधी घातला नाही. सध्या तो लंडनच्या टॉवरमध्ये आहे. म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या पैशाने पागोटं बांधून घ्यायचं, एक दुपार मिरवायचं आणि जाताना बरोबर घेऊन जायचं. आमच्याकडे लग्नात व्याही असं वागला तर त्याचं नाव तीन पिढ्या निघतं. आपण मात्र इकडे पावलं मोजत बसलात.

त्यातून ७ डिसेंबरला राजेसाहेब घोड्यावरून दिल्लीत शिरले, तेव्हा डोक्यावर शिरस्त्राण असल्यामुळे गर्दीतल्या पुष्कळांना राजा कोणता तेच कळलं नाही. लोकांनी वाकावं तरी कुणापुढे? तो दोष कुणाच्या खात्यावर मांडलात? शिंप्याच्या? घोड्याच्या?

सयाजीरावांना काही कळत नव्हतं असंही नाही. कवळाण्याच्या शेतकरी घरातून या बारा वर्षांच्या पोराला उचलून बडोद्याच्या गादीवर आणलं आणि आपल्याच इलियटसाहेबांच्या हाताखाली शिकायला ठेवलं. दिवाण सर टी. माधवरावांनी राजाने कसं वागावं यावर त्याला व्याख्यानं दिली, ती ‘मायनर हिंट्स’ नावाने छापलेलीही आहेत. १८७७च्या दिल्ली दरबारात त्या पोराला ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’ असा किताब मिळाला, म्हणजे आपल्या सरकारचा खास लाडका लेक. चौतीस वर्षांनी लेकाने बापासमोर मान एकदा लवून पाठ फिरवली. अहो, घरोघरी हेच चालतं.

मुद्दाम केलं की घाबरून, यावर इतिहासकारांत अजून एकमत नाही. मला दोन्ही चालेल. महाराजांनी आपल्याला लिहिलेल्या पत्रात घाबरून गोंधळ झाला असं म्हटलं होतं: आधी एकटे निजामच गेले होते, त्यांनी काय केलं ते नीट पाहता आलं नाही. हे पत्र आपल्याकडे आलं आणि वर्तमानपत्रांतही आलं. इथे मात्र मला आपल्या सभ्यतेची खरंच कमाल वाटते. अठ्ठेचाळीस वर्षांचा, एकवीस तोफांच्या सलामीचा राजा ‘माझं चुकलं’ असं लिहून देतो, आणि ते चव्हाट्यावर वाचायला मिळतं. पाठ दिसली ती काही सेकंद. माफीनामा मात्र महिनोन् महिने चघळला गेला. दरबारातला सर्वांत मोठा शिष्टाचारभंग कोणता, हे ठरवायला माझ्या मते एवढं पुरेसं आहे.

एक चौकशी. उदयपूरचे महाराणा फतेहसिंह दिल्लीला आले, पण दरबारात बसलेच नाहीत. न आलेल्याची पाठ दिसत नाही, म्हणून ते सुटले का? तसं असेल तर आमच्या महाराजांचा गुन्हा एवढाच की ते आले. दरबारात पाठ फिरवण्याचा आमच्याकडचा दाखला १६६६चा, आग्र्याचा आहे. तो आपल्या पूर्वसूरींपैकी कुणीतरी आपल्या कानावर घालायला हवा होता.

आमचं घरही धुतल्या तांदळाचं नाही, हे सांगायला हवं, नाहीतर आपण म्हणाल एकतर्फी लिहिलं. बडोद्याच्या दरबारातही मुजरे होते आणि हुद्द्याप्रमाणे जागा होत्या. आणि त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. कुणी कुणापासून किती लांब उभं राहायचं, ही मोजमापं आम्हाला आपल्याकडून शिकावी लागली नाहीत.

पण मला आपल्याला विचारायचं आहे ते गोखल्यांबद्दल. दरबाराच्या नऊ महिने आधी, १६ मार्च १९११ला, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपल्या कौन्सिलात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक आणलं. सक्ती चालते याचा दाखला त्यांच्याजवळ होता, आणि तो नेमका बडोद्याचा. सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. ज्या माणसाच्या पाठीवर आपली नजर खिळली होती, त्याच्या राज्यात पोरं सक्तीने शाळेत जात होती. आता गोखल्यांपेक्षा सभ्य माणूस आपल्या सभागृहात दुसरा होता का? आवाज चढला नाही, शब्द वाकडा गेला नाही, आकडे बिनचूक, पगडी जागच्या जागी, अध्यक्षांकडे पाठ तर स्वप्नातही नाही. इकडे आमचे जहाल लोक त्यांच्या याच मवाळपणाला हसत होते. मार्च १९१२मध्ये मतं मोजली गेली. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस.

म्हणजे साहेब, ज्याने एकही पाऊल चुकवलं नाही त्याचं विधेयक पडलं, आणि ज्याने दोन मुजरे गाळले त्याच्यावर रकाने भरून आले. पावलं मोजणाऱ्या आपल्या लोकांपैकी एखाद्याला जरी बडोद्याच्या शाळांची हजेरी मोजायला पाठवलं असतंत, तर वेळ सत्कारणी लागला असता. पण मान कुठे आणि किती वाकली हे लांबूनही दिसतं. शाळेत किती पोरं बसली हे पाहायला आत जावं लागतं.

तेव्हा त्या बाकी राहिलेल्या दोन मुजऱ्यांचं काय करायचं, हा हिशेब अजून मिटायचाच आहे. त्यासाठी आमच्याकडचीही एक नोंद सोबत जोडतो. पंचम जॉर्ज १९११मध्ये मुंबईत अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून तिथे गेटवेची कमान बांधली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, हिंदुस्थानातली आपली शेवटची पलटण, त्याच कमानीखालून बोटीकडे गेली. आम्ही मानवंदना दिली, गेटवेची चांदीची छोटी प्रतिकृतीही हातात ठेवली. मग आपले सगळे शिपाई समुद्राकडे तोंड करून आणि आमच्याकडे पाठ करून चालत गेले. एकानेही तीनदा वाकून उलटं पाऊल टाकल्याची नोंद नाही. कुणी त्यांच्याकडे माफीनामा मागितल्याचंही माझ्या वाचनात नाही.

कळावे.

आपला,
पाठमोरा